वेचणीतला बर्फ

कापूस फुटला की आमचा अख्खा जिल्हा खूश होतो आणि माझं डोकं फिरतं. दरवर्षीचं आहे हे. दिवाळी जवळ येते, दिग्रसहून गावाकडे जाताना एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंची वावरं पांढरी दिसायला लागतात, आणि मी शिकवते त्या दिग्रसच्या शाळेत पुण्याकडून बदलून आलेल्या नव्या बाई म्हणतात, "किती सुंदर दिसतं हो तुमच्याकडे, अगदी बर्फ पडल्यासारखं." मी हो म्हणते आणि चहा पिते. त्यांचा काय दोष. लांबून वावर पांढरंच दिसतं. जवळ गेलं की त्यात पाठी दिसतात, बायकांच्या, वाकलेल्या. कापसाचं झाड बाईच्या उंचीचा विचार करून वाढत नाही. वरची चार बोंडं हाताशी येतात, बाकीची सगळी गुडघ्याशी. सकाळी दवात वाकलेली बाई ऊन डोक्यावर आलं तरी वाकलेलीच असते. कमरेला बांधलेली ओटी कापसानं फुगत जाते आणि दुपारपर्यंत साठीची म्हातारीही सातव्या महिन्यातली दिसायला लागते. बायका त्यावरून एकमेकींना चिडवतात, हसतात, आणि हसतानाही वाकलेल्याच असतात.

यंदाही फुटला आहे. परवा भावाच्या घरी गेले तर समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. तोच सरकीचा तेलकट वास, तोच अंगाला सुटणारा कंड. लहानपणी आम्ही त्या ढिगात उड्या मारायचो आणि नाकातोंडात तंतू जाऊन शिंकत बसायचो. आता तो वास आला की मला गेल्या वर्षीचा हंगाम आठवतो. कांतावयनीचा गुडघा आठवतो. कांतावयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी शाळेत असताना ती लग्न होऊन आमच्या घरात आली, आणि तेव्हापासून तिला दिवसाउजेडी आडवी झालेली मी कधी पाहिली नव्हती.

पण आधी माझ्या पायाबद्दल सांगायला हवं.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. आई म्हणायची, हिचं अजून तेच चालू आहे, आधी पाय टाकते आणि मग डोकं चालवते. तर आमच्याकडे कुणाच्या कमरेत उसण भरली, म्हणजे वाकताना कंबर अशी धरली की सरळ होता येईना, तर पायाळू माणूस शोधतात. त्यानं दुखऱ्या जागेवर पाय लावायचा. एवढंच. गोळी नाही, तेल नाही. गावात पायाळू मी एकटीच होते, त्यामुळे वेचणीच्या दिवसांत माझ्या पायाला जेवढी मागणी असायची तेवढी डॉक्टरलाही नसेल. अर्थात, गावात डॉक्टर नव्हताच.

सकाळी माझ्या शाळेच्या आधी बायका यायच्या. एकीला दुसरी धरून आणायची. अंगणात पोतं टाकायचं, ती त्यावर पालथी पडायची, आणि आई आतून हाक मारायची, "वंदे, पाय दे वं इले." मी तोंडातली राखुंडी थुंकून बाहेर यायचे. शेजारच्या चंद्रकलाबाईची कंबर तर दर हंगामात धरायचीच. ती पडल्या पडल्या मला बजावायची, "लाजू नोको वं पोरी, जोरानं लाव. तुह्या पायात गुन हाये." तिची पाठ तव्यासारखी तापलेली असायची आणि माझा पाय अंगणातल्या ओल्या मातीनं गारठलेला. पाय टेकला की ती घशातून एक लांब आवाज काढायची आणि तिचं सगळं अंग सैल पडायचं. तो गुण कशाचा होता ते आता कळतं. गार लागत होतं तिला, म्हणून बरं वाटत होतं. मग ती उठायची, पदर खोचायची, "मोकयी झाली बाप्पा," म्हणायची आणि तरातरा वावराच्या वाटेला लागायची. माझ्या हातावर फल्लीदाणे आणि गुळाचा खडा. मला तेव्हा इतकं मोठं वाटायचं की शाळेत पाढे चुकले तरी वाईट वाटायचं नाही.

हल्ली फोन उघडला की बर्फ दिसतो. टबात बर्फाचे खडे भरलेले असतात, त्यात एखादा पिळदार अंगाचा पोरगा डोळे मिटून बसलेला असतो आणि खाली कुणीतरी त्याचे फायदे सांगत असतं. स्नायू मोकळे होतात, सूज उतरते, अंग पुन्हा ताजं होतं. यवतमाळलाही म्हणे एका जिममध्ये तसा टब आला आहे. माझं त्याच्याशी भांडण नाही, सांगतात त्यातलं बरंचसं खरं असेल. पण तो पोरगा टबातून निघाला की टॉवेल गुंडाळून घरी जातो, अंडी खातो आणि झोपतो. त्याला कुणी ओल्या अंगानं उचलून पऱ्हाटीत, कापसाच्या झाडांत, नेऊन उभं करत नाही. गारव्यानंतर जो आराम आहे तो त्या शास्त्रातच धरलेला आहे, इतका गृहीत की तो सांगायचीही कुणाला गरज वाटत नाही. आमच्याकडे तो सांगायला लागतो. सांगूनही ऐकू जात नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावीच होते. दुपारी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते, तर चंद्रकलाबाईच्या खांद्याला धरून, एका पायावर लंगडत वयनी आली. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उतरताना पाय जमिनीच्या भेगेत गेला आणि गुडघा आतल्या अंगाला वळला. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. चंद्रकलाबाई मात्र कौतुकानं सांगत होती, "पडली पन गाठोडं पडू देल्लं नाही बाप्पा इनं. तसंच धरून ठेवलं डोक्यावर." ऐकून माझ्या अंगाची आग झाली. गाठोडं पडलं असतं तर काय फुटणार होतं? कापूसच होता ना त्यात, का काचेची भांडी होती? पण वयनीच्या चेहऱ्यावर त्या दुखण्यातही जरासा अभिमान होता, तो मी पाहिला आणि तिला ओट्यावर टेकवलं.

मग सुरू झालं ते नेहमीचं. चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळून गुडघ्याला लावली. एरंडाची पानं गरम करून बांधली. दादानं, म्हणजे माझ्या भावानं, मोहरीचं तेल कढवून आणलं आणि अंगठ्यानं दाबून दाबून चोळलं. तो प्रेमानं चोळत होता, यात शंका नाही. वयनी दात आवळून आढ्याकडे पाहत होती. संध्याकाळपर्यंत गुडघा भाकरीसारखा टम्म फुगला आणि त्याच्यावरची कातडी चकाकायला लागली. तेव्हा दादा माझ्याकडे वळला.

"वंदे, तू पाय लावून पाह्य."

"उसण आहे का ती? गुडघा आहे," मी म्हटलं. "आणि माझी आता चाळिशी उलटून गेली, दादा."

"पायाळूपन का चाळिशीनं जाते?"

"पाय नाही लावणार मी. सकाळी दिग्रसले नेते तिले."

"येचनी चालू हाये," दादा म्हणाला. एवढंच म्हणाला. आमच्याकडे हे वाक्य पूर्ण असतं, त्याच्यापुढे काही बोलायचं नसतं. मी बोलले. बरंच बोलले, आणि सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

दिग्रसच्या डॉक्टरनं गुडघा हातात घेतला आणि पहिलं विचारलं, "शेकलं कोणी?" दादा भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे पाहायला लागला. डॉक्टर रागीट होता, मला आवडला. हाड मोडलेलं नाही म्हणाला. आतले बंध ताणलेत. ताज्या दुखण्याला शेक दिला, चोळलं, म्हणून सूज दुप्पट झाली. आता गरम बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून लावायचा, उघडा कातडीवर ठेवायचा नाही, थोडा वेळ ठेवून काढायचा, पुन्हा लावायचा. पाय उशीवर उंच ठेवायचा. "आणि हे नीट ऐका," तो दादाला म्हणाला, "बर्फानं दुखणं कमी होईल, सूज उतरेल. बंध जुळतील ते बसून राहिल्यानं. मी सांगेपर्यंत वावर नाही, गाठोडं नाही, पाणी भरणं नाही. दुखत नाही म्हणून ही कामाला लागली, तर हा गुडघा जन्माचा गेला म्हणून समजा." दादानं मान हलवली. माझा भाऊ वाईट माणूस नाही, डॉक्टरसमोर तो फार चांगली मान हलवतो.

घरी आलो तर बर्फावरून महाभारत. चंद्रकलाबाई दारातच उभी होती. "हिवायात बर्फ? आवं, हाडात हीव भरन तिच्या. पाय वाकडा होईन." तिच्यामागे अजून दोघी. एकीची बहीण म्हणे बाळंतपणात थंड पाणी पिऊन लुळी पडली होती. ती बहीण कोण, कुठली, ते शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही. मी फ्रीज उघडला. भावाच्या फ्रीजमध्ये वर बर्फाच्या कप्प्यात मेंदीचे कोन, एक लिंबाचा सुकलेला तुकडा आणि कुठल्याशा बियाण्याची पुडी होती. ते सगळं बाहेर काढलं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुतल्या, त्यात पाणी भरून गाठी मारल्या आणि ओळीनं ठेवल्या. लाईन मधेच गेली. आमच्याकडे लाईन जाते तेव्हा ती कुणाला विचारून जात नाही, आणि कधी येणार हेही सांगत नाही. ती आल्यावर पुन्हा सुरुवात. पाणी घट्ट व्हायला इतका वेळ लागतो हे मला माहीतच नव्हतं, तोवर कधी कुणासाठी वाट पाहिली नव्हती ना.

पहिली पिशवी दुपट्ट्यात गुंडाळून गुडघ्यावर ठेवली तेव्हा वयनीनं माझा हात घट्ट धरला. आधी चटका बसला, मग टोचायला लागलं, मग ठणका वाढल्यासारखा वाटला. चंद्रकलाबाई म्हणे, "पाहा, सांगतलं नव्हतं का मी?" मी तिला गप्प केलं. हळूहळू वयनीची पकड सुटली. तिनं भिंतीला डोकं टेकलं.

"कसं वाटते?"

"समजत नाही, ताई," ती म्हणाली. "माहा पाय हाये का शेजारनीचा हाये, तेच समजत नाही." आणि हसली. पडल्यापासून पहिल्यांदा हसली.

सूज उतरायला लागली. कातडीवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या. आणि मग गाव आलं. आधी चंद्रकलाबाईच आली. "जरा माह्या मनगटाले लावून पाह्य वं ते," म्हणाली, जणू काही तिनं कधी विरोध केलाच नव्हता. तिचं मनगट वेचून वेचून अंगठ्याच्या मुळाशी सुजलं होतं. बोंडं वाळली की त्यांच्या पाकळ्यांच्या टोकांना धार येते, त्यांनी तिची बोटं नखांच्या कडेनं चिरलेली होती, पण ती तर कुणी दुखणं म्हणून धरतच नाही. मग दुसऱ्या आल्या. संध्याकाळी वावरातून परतताना आमच्या ओट्यावर बायकांची रांग बसायची. कुणाच्या कमरेला पिशवी, कुणाच्या घोट्याला, कुणाच्या मानेला. फ्रीजला उसंत मिळेना. दादा कुरकुरला की प्यायला थंड पाणी राहिलं नाही. बायका एकमेकींना चिडवायच्या, "काय वं, तुह्या नवऱ्यालेच लाव तो बर्फ, लय तापते म्हन्ते ना?" आणि ओट्यावर असा हशा पिकायचा की रस्त्यानं जाणारे बाप्ये मान खाली घालून निघून जायचे. फडकं कसं गुंडाळायचं, किती वेळानं काढायचं, कातडी लाल झाली की थांबायचं, हे मी त्यांना वर्गात शिकवते तसं शिकवलं. मला भारी वाटत होतं. सुट्टी संपली, मी दिग्रसला परत आले, शाळा सुरू झाली.

पुढच्या रविवारी गावी गेले तर घराला बाहेरून कडी, म्हातारे बाबाही पारावर गेलेले. कडी काढून आत पाहिलं, खाटेवर उशी होती, पाय नव्हता. मी तशीच वावरात गेले.

दुपारचं ऊन होतं, पण सावलीत हुडहुडी भरत होती. तुरीच्या पिवळ्या फुलांवर माशा घोंगावत होत्या. पऱ्हाटीच्या ओळीत वयनी वाकलेली होती. कमरेला ओटी आणि गुडघ्याला दादाच्या दुपट्ट्यानं करकचून बांधलेली बर्फाची पिशवी. वितळलेलं पाणी पोटरीवरून ओघळून पायाखालची काळी माती ओली करत होतं. धुऱ्यावर, लिंबाच्या सावलीत, पाण्याचा मोठा कॅम्पर ठेवला होता आणि त्यात अजून पिशव्या. दादा तिथे बसून बिडी ओढत होता. मला पाहून तो उठला, खूश होता.

"तुह्या बर्फानं कमालच केली वंदे," तो म्हणाला. "सकायी बांधते, दुपारी बदलते, दिवसभर येचते. दुखतच नाही म्हन्ते."

डॉक्टर जे बोलला त्यातलं आमच्या घरानं अर्धंच घरी आणलं होतं. बर्फ आणला होता आणि बसणं तिथंच दवाखान्यात ठेवून आले होते. आणि एकटं आमचंच घर नाही. शेजारच्या वावरातून चंद्रकलाबाईनं मोठ्यानं सांगितलं की त्यांच्या मुकादमानं मासळीवाल्याचा थर्माकोलचा डबा आणून त्यात बर्फ ठेवलाय. कुणाची कंबर धरली की पिशवी देतो आणि म्हणतो, लाव आणि लाग ओळीला. आधी एखादी बाई अर्धा दिवस घरी जायची, आता कुणी जात नाही. तिला यात चांगली सोय झाल्यासारखं वाटत होतं. मला वाटलं तो डबा उचलावा आणि मुकादमाच्या डोक्यावर उपडा करावा.

मी वयनीला ओळीतून बाहेर काढलं, धुऱ्यावर बसवलं आणि दुपट्टा सोडला. कातडी लालभडक झाली होती. मी बोटानं दाबलं.

"दुखते?"

"नाही."

"इथं?"

"बोट ठेवलं का तुम्ही? समजलंच नाही मले."

ती उभी राहायला गेली आणि गुडघा बाजूला सरकला. नुसता सरकला, एखाद्या खुर्चीचा पाय निखळावा तसा. तिनं पऱ्हाटीचं झाड धरलं. दुखलं नाही तिला, ती किंचाळलीही नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. डॉक्टरनं सांगितलेलं जन्माचं जाणं हेच असतं, गुपचूप. मी कॅम्परमधल्या पिशव्या काढल्या आणि एकेक करून धुऱ्यावर आपटल्या. बर्फ फुटून ढेकळांत पसरला. दादा म्हणाला, "येडी झाली का तू?" मी म्हटलं, हो.

तेव्हा वयनी बोलली. मला वाटलं होतं ती माझ्या बाजूनं बोलेल.

"ताई, तुम्ही माही सूज नेली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ती चिडलेली होती, आणि माझ्यावर चिडलेली होती. "सूज होती तवा बसायले मिये. कोनी आलं तं पाय दाखवता ये. तुमचे बाबा बी म्हने, बस वं बाई. सूज उतरली अन् सारे म्हनाले, झालं ना आता बरं. मंग मी कोन्त्या तोंडानं बसू?"

ज्याचा मला लहानपणापासून गर्व होता तो माझा पाय मला पहिल्यांदा नकोसा वाटला. अंगणात पालथी पडलेली चंद्रकलाबाई आठवली. दिवसा उजेडात पालथं पडायला मिळायचं ते तिला तेवढंच, कंबर धरली म्हणून. कंबर धरली नसती तर ती उभीच असती. आणि पाठीवर पोरीचा गार पाय टेकला की तेही संपायचं. मोकळी झाली, म्हणजे कामाला मोकळी झाली. म्हणून तर माझ्या हातावर गूळ पडत होता. माझी आईही त्यातलीच. संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधी ती चुलीसमोर पालथी पडायची, मी तिच्या पाठीवर उभी राहायचे, आणि ती म्हणायची, "पुरे, उतर आता, पीठ मळायचं हाये." मी म्हणायचे, अजून थोडा वेळ पड ना. ती म्हणायची, "तुहा पाय लागला ना, झालं." शेवटची काही वर्षं ती वाकूनच चालत होती. लोक म्हणायचे, वयानं वाकली. मी ऐकून घ्यायचे. आता कुणी म्हटलं तर ऐकून घेणार नाही.

"चल," मी वयनीला म्हटलं. "माझ्याकडे चल. दिग्रसले."

"कायले?"

"बसायले."

दादा मधे आला. "अन् येचनी?"

"वेच ना."

"बाप्यं येचतेत का कुठी कापूस?"

"बोटं आहेत ना तुले? बिडी धरता येते, बोंडही धरता येईल."

"लोकं हासतीन."

"हसू दे. हसले तर त्यांच्या कमरेले ओटी बांध आणि त्यांनाही लाव ओळीला."

दादा असा पाहत होता, जणू मी त्याला लुगडं नेसायला सांगितलं. खरं तर तेच सांगितलं होतं मी. आमच्याकडे नांगर बाप्याचा, फवारणी बाप्याची, बैलांची बंडी बाप्याची. वाकायचं काम तेवढं बायकांचं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते विचारायची पद्धत नाही. वयनी म्हणत होती, "राहू द्या ना ताई, चार दिसाचं काम हाये." ते चार दिवस मला माहीत आहेत. ते लग्नापासून चालू आहेत. मी तिच्या दोन साड्या पिशवीत कोंबल्या, तिला बसस्टँडपर्यंत दादाच्याच गाडीवर बसवून नेलं आणि एसटीत चढवलं. दादा खिडकीशी उभा होता. त्यानं तिला केळी घेऊन दिली. रागानं दिली, पण दिली.

माझ्या घरी तिला बसवणं म्हणजे वासराला दावणीला बांधण्यासारखं होतं. मी शाळेतून येईपर्यंत भांडी घासलेली असायची. मी ओरडायचे. ती म्हणायची, बसूनच घासली. फरशी पुसलेली असायची. सरकत सरकत पुसली म्हणायची. कुणी काम करत असताना आपण आडवं कसं पडायचं, हे तिला येतच नव्हतं. खाटेवर पाय उंच करून ठेवला की दाराकडे डोळे, कुणी आलं तर उठायला तयार. मी बर्फ लावायचे, काढायचे, आणि मग ताकीद देऊन तिथेच बसून वह्या तपासायचे. पुढे पुढे ती जरा सैलावली. एक दिवस शाळेतून आले तर ती झोपलेली होती. भर दुपारी, तोंड उघडं, एक हात डोक्याखाली. मी चपला हातात घेऊन आत गेले. स्वयंपाकघरात उभी राहून पाणी प्याले आणि मला रडू आलं, रागानंच आलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा संसार झालेल्या बाईची दुपारची झोप पाहून रडू यावं, ही काय गोष्ट आहे का.

डॉक्टरनं पुन्हा पाहिलं. बंध जुळतायत म्हणाला, अजून थोडं थांबा, घाई करू नका. गुडघा बाजूला सरकायचा बंद झाला. एका सकाळी ती गच्चीवर वाळवण घालून आली, कठडा न धरता जिना उतरली आणि स्वतःच म्हणाली, "नाही दुखलं, ताई. जरा बी नाही."

त्याच दुपारी दादाचा फोन आला. रविवार होता, मी घरीच होते. वयनी खाटेवर पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी फोन मोठ्या आवाजावर टाकून तिच्याजवळ ठेवला. दादानं आधी इकडचं तिकडचं विचारलं. अर्धा कापूस झाडावर लोंबतोय म्हणाला, कुणी मिळत नाही, घरात दूध उतू जाते, बाबा रोज विचारतात. तो खरंच थकला होता, आवाजावरून कळत होतं. मग म्हणाला, "पाय कसा हाये आता?"

वयनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे.

"दुखून राह्यला अजून," ती म्हणाली.

"अजून?"

"हाव. भल्ला दुखते."

"बर्फ लाव ना मंग."

"लावतो," ती म्हणाली आणि फोन माझ्याकडे सरकवला.

मला हसू यायला हवं होतं. इतक्या वर्षांत तिला त्या घरात कुठे दुखतं असं म्हणताना मी ऐकलं नव्हतं. खरोखर दुखत होतं तेव्हा म्हणाली नाही, आणि थांबल्यावर म्हणाली. पण हसू आलं नाही, तळपायाची आग मस्तकात गेली. काहीतरी मोडल्याशिवाय, सुजल्याशिवाय, चार लोकांना दाखवल्याशिवाय जिला घटकाभर बसता येत नाही, ती दुसरं काय करणार? दुखणंच सांभाळून ठेवणार, आणि जरा जास्त दिवस पुरवणार.

मी सवयीनं उठले, फ्रीज उघडला, पिशवी फडक्यात गुंडाळली आणि घेऊन आले. वयनीनं साडी गुडघ्यावर ओढून घेतली आणि वर दोन्ही हात ठेवले.

"नोका लावू, ताई," ती म्हणाली. "इतक्यात बरं नोका करू मले."